खेड्यात राहून गाणं ऐकायला कसं शिकावं: एका लाउडस्पीकरवाल्याचं उत्तर

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या गावात मोठ्या मैफली होत नाहीत. पुण्या-नागपुरात राहणाऱ्यांसारखा कान आपल्याला कधी येईल का? सुरुवात कोणत्या अल्बमपासून करू? आणि आजोबांच्या कॅसेटांनी भरलेली एक पेटी घरात पडून आहे, तिचं काय करू?"

पोरी, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलतो, कारण त्याची घाई आहे. एकही कॅसेट टाकू नको, भंगारवाल्याला देऊ नको, आणि घाईने एखाद्या जुन्या टेपमध्ये घालून वाजवूही नको. का, ते पुढे येईलच.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात लग्नं, सप्ताह, भजनाच्या स्पर्धा, जयंत्या, गणपती, जिथून बोलावणं आलं तिथे मशीन, भोंगे आणि वायरची बंडलं घेऊन गेलो. आता मुलगा धंदा पाहतो. या धंद्यात एक सुख आहे, ते पहिल्या रांगेचं तिकीट काढणाऱ्यालाही मिळत नाही. माईकवाल्याची जागा वाजवणाऱ्यांच्या शेजारी असते. कार्यक्रम सुरू व्हायच्या खूप आधी तो आलेला असतो आणि सगळे गेल्यावर वायर गुंडाळत बसलेला असतो. मी गाणं शिकलो नाही. पण ऐकायचं कसं, हे तिथे बसून शिकलो.

म्हणून तुझं पहिलंच वाक्य मला मान्य नाही. तुझ्या गावात तिकिटाची मैफल होत नसेल, गाणं होतं. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडआरती होते. सप्ताह बसतो. 14 एप्रिलला भीमगीतं आणि कव्वाली होते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आणि खंजिरी भजनं होतात. गणपतीत दहा रात्री काही ना काही उभं राहतं. वर्षभरातल्या या रात्री मोज आणि मग सांग, शहरातला माणूस वर्षातून किती वेळा गाणाऱ्यापासून दहा हातांवर बसतो?

खंजिरीपासूनच सुरू करू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यावलीचे, जन्म 30 एप्रिल 1909 चा, आणि 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीला गेले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातली भजनं आजही ऐकायला मिळतात, ती तू ऐकच. अमरावती-नागपूर रस्त्यावर गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथीचा महोत्सव असतो. लाखो माणसं 4 वाजून 58 मिनिटांनी एकदम स्तब्ध उभी राहतात. ती शांतता ऐकलेल्या माणसाला नंतर गाण्यातली विश्रांती वेगळी ऐकू येते. पण कान घडवायला मला त्या गर्दीपेक्षा तिथे आलेल्या मंडळांच्या राहुट्यांचा जास्त उपयोग झाला. एका राहुटीत यवतमाळकडचं मंडळ, शेजारच्या राहुटीत वर्ध्याचं. भजन तेच, चाल तीच, पण ठेक्याचं वजन वेगळं. एक मंडळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जोर देतं, दुसरं सम हलकी सोडून पुढच्या मात्रेवर टाळ आपटतं. दोन राहुट्यांच्या मधोमध उभं राहून हा फरक ज्याला कळला, त्याला पुढे घराण्यांची, म्हणजे शास्त्रीय गाण्यातल्या वेगवेगळ्या परंपरांची, गायकी वेगळी करून ऐकायला जड जात नाही. तेच कौशल्य आहे ते.

आणि हवामान. याबद्दल पुस्तकात कमी वाचायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपलं विदर्भातलं हवामान चामड्याच्या वाद्यांची परीक्षा घेतं. दिवाळीनंतरच्या रात्री दव पडायला लागलं की खंजिरीचं चामडं सैल होतं आणि थापेचा आवाज भद्द येतो. मग मंडळातला एखादा पोरगा खंजिऱ्या घेऊन शेकोटीजवळ बसतो, एक शेकतो आणि एक वाजायला देतो. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणली जाते आणि स्वर चढतो. तबलजी सारखी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेढ्यावर, ठोकत असतो ते त्यासाठीच. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतात, ती उन्हाळ्यात कीर्तन चालू असतानाच वाळते. चांगला वादक निरूपण चालू असताना बोटांना हळूच पाणी लावून ती ओली करतो, आणि अभंग उचलायच्या क्षणी धूम पुन्हा भरलेली असते. पुढच्या सप्ताहाला निरूपणाच्या वेळी एकदा महाराजांकडे न बघता मृदंगाचार्याच्या डाव्या हाताकडे बघ. त्या रात्री तुला खर्ज, म्हणजे खालचा भरदार स्वर, काय असतो ते कळेल.

अशाच एका सप्ताहात मी तरणा होतो आणि मृदंग ऐकू येत नाही म्हणून त्याच्या माईकची चावी वाढवत होतो. म्हातारे मृदंगवाले म्हणाले, "बापू, मृदंगाचा आवाज नोको वाढवू. आधी ते टाळवाले मांगं सरकव." टाळवाले दोन पावलं मागे सरकले आणि मृदंग पूर्ण उमटला. तेव्हापासून कोणतंही वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण ऐकताना मी आधी हेच पाहतो की कोण कुठे बसलं आहे, कुणाचा आवाज कुणावर चढतो आहे. तूही एक कान मिटून, मग दुसरा मिटून ऐकून बघ, वाद्यांची बैठक समोर दिसायला लागते.

भोंग्याबद्दल एक गोष्ट माहीत असावी, कारण तुझं लहानपणापासूनचं बरंच ऐकणं भोंग्यातून झालं असणार. भोंग्याच्या युनिटला खालचे स्वर झेपत नाहीत. माणसाचा आवाज, टाळ, पेटी, दाया (उजव्या हाताचा तबला) स्वच्छ जातो. डग्गा (डाव्या हाताचा) आणि मृदंगाची धूम त्यातून जातच नाही. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकणाऱ्याला गाणं कळतं आणि ठेका अर्धाच कळतो. त्यात आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंदिराजवळचा भोंगा आणि 170 मीटरवरच्या झाडावरचा भोंगा यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं आणि एका भोंग्याजवळच्या घरांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मी शक्यतो भोंगे एकाच जागी, बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायचो. तरीही सांगणं हेच की काही ऐकायचं असेल तर घरून नको. उठून मंडपात जा, मृदंगापासून दहा हातांवर बस.

थंडीच्या रात्री मात्र आवाज लांबवर पोचतो, हे तू अनुभवलं असशील. जमिनीजवळची हवा थंड आणि वरची ऊबदार असली की आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो. म्हणून जानेवारीत दोन गावं पलीकडचं भजन अंथरुणात ऐकू येतं. माझ्या बालपणीचं निम्मं संगीत असंच आलेलं आहे, कोण गातंय ते न कळता.

दुसरं निम्मं रेडिओनं दिलं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 चं. 1952 पासून आकाशवाणीवर शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा, आणि त्याच वर्षापासून बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला. विविधभारती 3 ऑक्टोबर 1957 ला आली. आमच्याकडे लोक गीतमालेसाठी रेडिओभोवती जमायचे आणि शनिवारी वडील एकटेच बसायचे. मी दोन्हीकडे बसलो. रेडिओच्या मध्यम लहरींचा (मीडियम वेव्हचा) एक गुण असा की दिवसा वातावरणाचा खालचा थर त्या शोषून घेतो आणि सूर्य मावळल्यावर तो थर विरतो, मग लहरी वरून परत येऊन फार लांब जातात. म्हणजे रात्र झाली की आमच्या ओसरीवर इंदूर यायचं, मुंबई यायची, कधी कधी आणखी लांबचं काही. मध्येच स्वर विरून जायचा आणि परत यायचा. त्या विरण्यात पुढचा स्वर कोणता असेल, हे मनात धरून ठेवायची सवय लागली. रागाची वाट ओळखायला मी तिथे शिकलो, नाव माहीत नसताना.

मग कॅसेटचा काळ आला, 1980 नंतरचा, आणि गावागावात टेप दिसायला लागला. लाईट जायचीच. टेप सेलवर चालायचा. सेल उतरायला लागले की मोटर मंदावते, गाणं सावकाश होतं आणि स्वरही खाली येतो. पेटीच्या काळी दोन पट्टीतलं गाणं हळूहळू काळी एकवर यायचं. घरात आधी कुणाच्या लक्षात येतं यावरून आम्ही भावंडं पैज लावायचो. याचा धंद्यात फार उपयोग झाला. पेटीवाल्याने स्वर दिला की गायक त्याच पट्टीत आहे की पाव स्वर खाली, हे मला लगेच कळायचं. तू मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घे. शास्त्रीय गाणारे पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचकडे. कोणतंही गाणं लावलं की आधी त्याचा षड्ज, म्हणजे सा, शोध आणि ॲपवर तोच स्वर लाव. रोज एक गाणं असं केलंस तर महिन्या-दोन महिन्यांत तुला षड्ज शोधावा लागणार नाही.

आता अल्बम. तुला लांबलचक यादी देणार नाही. यादीने ऐकणारा माणूस पुढच्या नावाकडे पळत राहतो. मोजकेच ध्वनिमुद्रण घे आणि इतक्यांदा ऐक की पुढचा श्वास कुठे घेतला जाणार ते तुला आधी कळावं. कॅसेट महाग होती म्हणून आम्हाला हे आपोआप घडलं. तुला ते ठरवून करावं लागेल.

पहिलं, भीमसेन जोशींची अभंगवाणी. पुष्कळ जाणकार तुला थेट ख्यालाकडे, म्हणजे रागाचा विस्तार करत गायच्या शास्त्रीय प्रकाराकडे, पाठवतील. मी पाठवणार नाही. तू काकडआरतीत वाढलेली आहेस, टाळ आणि पखवाज तुझ्या अंगात आहे. तेच अभंग एक किराणा घराण्याचा गायक कसा उचलतो, सप्ताहातला गायनाचार्य जिथे चाल संपवतो तिथून पुढे हे कुठे जातात, हे तुला कुणी न सांगता कळेल. एका ओळीवर थांबून केलेला तो विस्तार म्हणजेच ख्यालाचं दार आहे. तिथून आत गेलीस की परकं वाटणार नाही.

दुसरा, 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967 चा. शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी, ब्रिजभूषण काब्रा गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत मांडलेला आहे, अहिर भैरव रागापासून पहाडीपर्यंत. लोक तो पार्श्वसंगीत म्हणून लावतात, मला ते रुचत नाही. तो फार नेटका धडा आहे. संतूर कलमांनी वाजतं, स्वर पडतो आणि विरतो, त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, ओढता येत नाही. काब्रांचं गिटार तारेवर सरकवून वाजतं, त्यात मींडच मींड. बासरी श्वासाची. एकच रागवाक्य ही तीन वाद्यं पाठोपाठ म्हणतात तेव्हा स्वर आणि स्वराकडे जाण्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कानाला समजतं. सकाळचे तुकडे सकाळीच ऐक. शेतावर जाताना ऐकलेस तर अधिक चांगलं.

तिसरे, वसंतराव देशपांडे. ते मूर्तिजापूरचे, जन्म 2 मे 1920 चा. तुझ्या दर्यापूरहून मूर्तिजापूर म्हणजे एसटीचा थोडका प्रवास. आपल्या मातीतला एवढा मोठा गवई, आणि वऱ्हाडातल्या कित्येक तरुणांना तो आपल्याकडचा आहे हे ठाऊकच नसतं, याचं मला वाईट वाटतं. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 चं, लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. त्यांचं नाट्यसंगीत घे आणि फक्त ताना ऐक. तान जिथे वळेल असं वाटतं तिथे ती वळत नाही. दुसऱ्या गायकाची तान तू पाचव्या वेळेला मनात आधीच म्हणू शकतेस, वसंतरावांची पन्नासाव्या वेळेलाही निसटते. माझ्या सगळ्या कॅसेटांत त्यांचीच फीत आधी झिजली.

आणि मग कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. क्षयाने त्यांचं गाणं काही वर्षं पूर्ण थांबलं होतं. 1948 मध्ये ते माळव्यात देवासला आले आणि अंथरुणावर पडून तिथल्या बायकांची, जोगी-फकिरांची गाणी ऐकत राहिले. पुढे गायला लागले तेव्हा ते ऐकलेलं सगळं गाण्यात आलं. मोठा गवई आजारपणात खेड्यातलं गाणं ऐकत पडून राहतो आणि त्याचं गाणंच बदलतं, याहून मोठा पुरावा तुझ्या पहिल्या प्रश्नाला मी कुठून आणू? त्यांच्या गाण्यात आवाजाइतकंच न गायलेलं ऐक. तोडलेल्या ओळी, मध्येच सोडलेली जागा. हे एकट्याने, रात्री, लाईट बंद करून ऐकायचं.

बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई मी यादीत धरत नाही, कारण ती तुझ्या कानात आधीच आहे. प्रत्येक लग्नाच्या दिवशी पहाटे आम्ही मशीन चालू केलं की पहिली रेकॉर्ड तीच असायची. एकदा फक्त मंडपाबाहेर, हेडफोन लावून ऐक. इतकी वर्षं मागे वाजत होतं ते किती नाजूक आहे, ते समजेल.

गझलेचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांतला फरक सर्वांत जास्त आहे. सुरेश भट अमरावतीचे, 1932 ते 2003. भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावचे. कॅसेटवर गायक शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो आणि दुसरीवर जातो, कारण फीत संपते. कार्यक्रमात तो पहिली ओळ धरून बसतो. तीच ओळ वेगळ्या स्वरांनी, वेगळ्या शब्दावर थांबून, पुन्हा आणि पुन्हा. दुसऱ्या ओळीत काय येणार याची ओढ समोरच्या माणसांत भरत जाते आणि ती ओळ पडते तेव्हा सगळा मंडप एकदम बोलतो. हे घडायला माणसं लागतात. एकट्याला ते हेडफोनवर मिळत नाही.

कव्वालीच्या सामन्याचंही तेच. 14 एप्रिलच्या आगेमागे, उन्हाने तापलेली जमीन रात्री जरा निवाली की सामना सुरू व्हायचा. एकीकडे गायकाची पार्टी, दुसरीकडे गायिकेची. सवाल टाकला जातो, समोरच्याला जागेवर बांधून उत्तर द्यावं लागतं. बाबासाहेबांच्या जीवनातले प्रसंग, बुद्धाचा उपदेश, इतिहास, यांची एवढी माहिती त्या सवाल-जवाबांत असायची की शाळेत न गेलेल्या माणसांना तारखा पाठ झाल्या. वामनदादा कर्डक (1922 ते 2004) यांच्या रचना कॅसेट येण्याच्या कितीतरी आधी गावोगाव पोचल्या होत्या, गाणाऱ्यांच्या तोंडून. ढोलकच्या शेजारी माईकच्या वायरी धरून बसलेला मी पाहायचो की गायिका समोरच्याचा सवाल ऐकता ऐकता ओठांनी उत्तर जुळवते आहे, बोटांनी मात्रा मोजते आहे. रचना जन्माला येताना दिसते ती जागा तीच. दीक्षाभूमीवर विजयादशमीला भीमगीतांच्या कॅसेटांची, मग सीडींची दुकानं लागायची, तिथून मी पुष्कळ घेतलं. पण स्टुडिओत गायलेलं होतं ते. रात्रीच्या सामन्यातलं फारच थोडं कुणी भरून ठेवलं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम 2000 साली आला आणि पुढे तो कडक झाला, तेव्हा आमच्या भागातले रात्रभराचे सामने आखडले. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या पोरांना झोप हवी, नियम बरोबरच आहे. एवढंच की तीन तासांत उरकायच्या सामन्यात तो पहाटेचा, दोन्ही पार्ट्या थकल्यावर खुलणारा रंग येत नाही.

जमलं तर एकदा पूर्वेला, झाडीपट्टीत जा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा तो भाग. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने तिथे नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं ठाणं. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं, आणि गाणी, लावणी, दंडारीची, म्हणजे तिथल्या लोकनाट्याची, लय सगळं त्यात येतं. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना ही रंगभूमी कळली. तिथे नाटकापेक्षा वाद्यवाल्यांकडे बघत मी रात्र काढली आहे. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड घेऊन बसलेली ती माणसं नटाची चुकलेली ओळ स्वरांनी झाकतात, टाळ्या लांबल्या तर सुरावट लांबवतात, आणि डोळा लागल्यासारखी दिसत असली तरी ठेका हलत नाही.

आता तुझी पेटी.

आधी कॅसेटांचे दोन ढीग कर. छापील वेष्टनाच्या एका बाजूला, आणि ज्यांच्यावर आजोबांनी हाताने लिहिलं आहे त्या दुसऱ्या बाजूला. छापील कॅसेटांतली बहुतेक गाणी आज कुठे ना कुठे मिळतात, त्यांची घाई नाही. हाताने लिहिलेल्यांत गावचं भजन असेल, एखाद्या कीर्तनकाराचा काला असेल, घरच्या लग्नातल्या आजीची ओवी असेल. त्याची जगात तेवढी एकच प्रत आहे.

फीत 3.81 मिलिमीटर रुंद आणि फार पातळ असते. 90 मिनिटांच्या कॅसेटची फीत 60 मिनिटांच्या कॅसेटपेक्षाही पातळ, म्हणून तिला जास्त जप. वाजवण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले आहेत का बघ. नसतील तर मोडून टाक, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही भरलं जाणार नाही. पुढच्या बाजूला मधोमध एक छोटी नमद्याची गादी असते, ती गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. स्वस्तातल्या निकामी कॅसेटची गादी काढून बसवता येते. आतली फीत चिकटलेली असू शकते, म्हणून आधी पेन्सिल घालून हाताने थोडी फिरव, मग मशीनवर शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे एकदा जाऊ दे. मशीनचं हेड आणि रबरी चाक साफ असलंच पाहिजे. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस चालतो. पाऊस सुरू असताना हे काम काढू नको, बुरशी आलेली कॅसेट तर इतरांसोबत ठेवूही नको.

टेपचा लाइन-आउट, म्हणजे आवाज बाहेर द्यायचं मागचं भोक, लॅपटॉपला जोड, हेडफोनच्या भोकातून घेण्यापेक्षा ते बरं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेव, 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिट पुरे. तासाभराला सुमारे 635 एमबी जागा लागते, ती लागू दे. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी3 वेगळी कर, पण जपायची प्रत वेव्हच. आवाजाचा काटा सर्वांत मोठ्या जागेलाही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नको. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर मुळीच वापरू नको. खरखरीबरोबर टाळांची झिलई आणि गाणाऱ्याचा श्वासही जातो. गाणं खालच्या पट्टीत वाटलं तर भरताना सेल उतरलेले होते की आता तुझं मशीन मंद चालतं, हे आधी दुसरी एखादी छापील कॅसेट लावून ताडून बघ.

भरून झालं की गावातल्या जुन्या माणसांना बसवून ऐकव आणि वहीत लिही: हा आवाज कुणाचा, पेटीवर कोण, कुठला सप्ताह, साधारण कोणतं साल. हे काम फाइल करण्यापेक्षाही आधीचं आहे, कारण फीत आणखी काही वर्षं टिकेल, आवाज ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत.

आणि यंदाचं भजन तू स्वतः भर. 1902 साली कोलकात्यात गायिका गौहर जाननं तवा (ग्रामोफोनची रेकॉर्ड) भरला तेव्हा गाणं संपल्यावर तिने आपलं नाव मोठ्याने सांगितलं होतं, आणि त्या काळच्या अनेक तव्यांवर असं ऐकू येतं. तीच रीत धर. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी गावाचं नाव, तारीख, मंडळातल्या सगळ्यांची नावं बोल, म्हणजे फाइलचं नाव बदललं तरी माहिती आवाजातच राहील. मंडळाला विचारून मग भर, आणि कुठे टाकायचं असेल तर पुन्हा विचार. मोबाइल भोंग्यासमोर ठेवू नको. गाणाऱ्यांपासून सात-आठ हातांवर, टाळवाल्यांपासून जरा दूर, घडी केलेल्या घोंगडीवर ठेव, म्हणजे सतरंजीवरच्या पायांचे धक्के त्यात येणार नाहीत. मोबाइल विमान मोडवर टाक. गाणं संपलं की लगेच बंद करू नको. पुढचं भजन कोणतं घ्यायचं, पट्टी कोणती, यावर मंडळात जे बोलणं होतं तेही येऊ दे. मला जुन्या फितींत सर्वांत जास्त शिकायला तिथेच मिळालं.

हाताने लिहिलेल्या कॅसेटांवर काय काय लिहिलं आहे त्याची यादी मला कळव. कोणती आधी भरायची ते मी सांगतो. तुमच्या बाजूच्या जुन्या मंडळांपैकी काहींच्या कार्यक्रमाला माझंच मशीन होतं, त्यातले आवाज मला ओळखता येतील.